नावाले किती अन् मालाले किती

उरकुडे बाईंच्या फ्रिजला नाव नाही. मिक्सरला नाही, पंख्याला नाही, भिंतीवरच्या घड्याळालाही नाही. म्हणजे कंपन्यांनी दिलेलं होतं, बाईंनी ते काढून टाकलं. नवीन वस्तू घरात आली की बाई आधी तिला हळदकुंकू वाहतात, उदबत्ती ओवाळतात आणि मग ब्लेड घेऊन तिच्या अंगावरचं कंपनीचं नाव खरवडायला बसतात. चिकटवलेलं असलं तर थिनर लावून, छापलेलं असलं तर पॉलिश पेपर घासून, आणि धातूचं ठोकलेलं असलं तर पेचकसाने उचकटून.

"मी काय त्याईच्या जाहिरातीचा बोर्ड आहो?" बाई विचारतात. "पैसे बी मीच द्याचे अन् नाव बी मीच मिरवाचं?"

त्यांच्या स्कूटरलाही नाव नाही. त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून मी कित्येक वर्षं घुग्घुसहून चंद्रपूरला ऑफिसात गेले आहे, म्हणून हे खात्रीने सांगते. एकदा पडोलीच्या चौकात पोलिसांनी गाडी अडवली. हवालदाराने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "बाई, गाडी कोणाची आहे?" त्याला कंपनी विचारायची होती.

"माही," बाई म्हणाल्या.

"तसं नाई. कोणती गाडी आहे?"

"दोन चाकाची."

मी मागून हळूच कंपनीचं नाव सांगितलं. हवालदाराने आम्हाला सोडलं, पण बाई त्या दिवशी ऑफिस येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. "तुले कोणं विचारलं होतं वं?" एवढंच उतरताना म्हणाल्या.

आमचं ऑफिस म्हणजे नकाशे काढण्याचं. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, त्यांचे रस्ते, त्यांचे मातीचे ढिगारे, या सगळ्यांचे नकाशे आम्ही कॉम्प्युटरवर काढतो. मालक ढवळे साहेब. बाई तिथे मी यायच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांचे यजमान खाणीत होते, ते मी बाईंना ओळखायला लागण्याआधीच गेले. मूलबाळ नाही. घुग्घुसला स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, तिथे त्या एकट्या राहतात. बांधा किरकोळ, आवाज मात्र डंपरच्या हॉर्नसारखा. रस्त्यावरच्या कोळशाच्या धुळीसाठी डोक्याला ओढणी गुंडाळून वर यजमानांचा जुना काळा गॉगल चढवला की लहान मुलं वाट सोडून उभी राहायची.

आणि तोंडात एकच प्रश्न, "नावाले किती अन् मालाले किती?"

हा प्रश्न त्या कोणालाही विचारत. साडीच्या दुकानात विचारत, मिठाईच्या दुकानात विचारत. ऑफिसातल्या एकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, सोनेरी, मखमली, उघडली की आतून सनई वाजणारी. बाईंनी ती दोनदा उघडून वाजवली आणि त्याला विचारलं, "पोरगा काय करते?" तो म्हणाला, "मोठ्या कंपनीत आहे." बाई म्हणाल्या, "ते झालं नाव. पोरगा काय करते?" तो माणूस पुढे महिनाभर बाईंच्या टेबलाच्या बाजूने गेला नाही. लग्नाला मात्र बाई गेल्या, चांगली जड पितळेची परात घेऊन. अर्थात नाव खरवडलेली.

आता कॉम्प्युटरचं सांगते, कारण खरी लढाई तिथेच झाली.

ऑफिसात बाईंचा कॉम्प्युटर बाईंचा स्वतःचा होता. पूर्वी कधीतरी साहेबांनी नवीन मशीन द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा बाईंनी बल्लारपूरच्या पोशेट्टीभाऊंकडून ते जोडून घेतलं होतं. पोशेट्टीभाऊंचं बल्लारपूरला स्टेशनजवळ छोटं दुकान. सुटे भाग आणायचे, गिऱ्हाइकाला हवं तसं मशीन जोडून द्यायचं, असा धंदा. बाईंच्या मशीनचं कॅबिनेट एका कंपनीचं, आतला बोर्ड दुसरीचा, पंखा तिसरीचा, आणि नाव कोणाचंच नाही. बाईंना यापेक्षा काय हवं? ते मशीन सुरू होताना गिरणीसारखं घरघरायचं. मग थोड्या वेळाने आवाज बसायचा आणि बाई म्हणायच्या, "लागली कामाले."

मग एका वर्षी साहेबांच्या मनात आलं की ऑफिसात नामांकित कंपनीची वर्कस्टेशनं घ्यायची. नागपूरहून विक्रीवाला आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीच्या नावाची पट्टी. बाईंची नजर आल्याआल्या त्या पट्टीवर गेली, तेव्हाच मला धास्ती वाटली.

त्याने मशीन टेबलावर ठेवलं. काळं, चकचकीत, गप्प. त्याने सगळे गुण सांगितले. आम्ही चहा पीत ऐकलं. त्याने किंमत सांगितली तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला.

"एवढ्यात पोशेट्टीभाऊ आपल्याले तीन जोडून देते," बाई म्हणाल्या. "अन् वरून येऊन लावून बी देते. आता मले सांगा, नावाले किती अन् मालाले किती?"

विक्रीवाला हसला. पण तो चांगला मुलगा होता, त्याने प्रश्न टाळला नाही. "मॅडम, मालाचे पैसे साधारण तुमच्या मशीनइतकेच. उरलेले नावाचे. नाव आहे म्हणून तीन वर्षं काही झालं तरी आम्ही जबाबदार. तुम्हाला एक फोन करायचा."

"उघडून दाखवा."

"मॅडम, हे डेमोचं मशीन आहे. मला उघडायची परवानगी नाही."

"पोरगी पाहाले आलो तं घुंगट काढून दाखवते ना. हे उघडाले काय लाजते?"

साहेबांनी खोकून विषय बदलायचा प्रयत्न केला, पण बाई काही थांबल्या नाहीत. "बरं, फोन केला तं येते कोण?"

"आमचा इंजिनिअर येतो नागपूरहून."

"नाव काय त्याचं?"

"ते कसं सांगू मॅडम? जो ड्युटीवर असेल तो. कोणीही येईल."

"कोणीही," बाई म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

साहेब तसे पक्के व्यापारी. ते विक्रीवाल्याला म्हणाले, "मशीन काही दिवस राहू द्या. बाईच्या मशीनच्या बाजूले ठेवतो. दोघींले सारखं काम देतो. मंग पाहू."

झालं. ऑफिसात दोन तट पडले. तरुण मंडळी काळ्या मशीनकडून, प्यून आणि मी बाईंकडून. मी कारण रोज त्यांच्या स्कूटरवर बसत होते, आणि प्यून कारण बाई त्याला दर पोळ्याला कपडे घ्यायच्या.

पहिलं काम एका मोठ्या खाणीचा नकाशा. ड्रोनने काढलेले फोटो मशीनला द्यायचे आणि त्यातून जमिनीचे चढउतार काढून घ्यायचे. दोन्ही मशीनना एकदमच काम लावलं. काळ्या मशीनने आवाज न करता जेवणाच्या सुट्टीच्या आधीच काम संपवलं. बाईंचं मशीन घरघरत राहिलं. आम्ही जेवलो, हात धुतले, एक जण पान खाऊन आला, तरी ते घरघरत होतं. चहाच्या वेळी एकदाचं उरकलं.

तरुण मंडळी बाईंकडे पाहायला लागली. बाईंनी चहाचा घोट घेतला.

"त्या मशीनचं जेवणाआधी झालं ना? मंग तवापासून आतापर्यंत काय केलं तिनं?"

"काही नाही बाई. बंदच होती."

"म्हणजे बसून राह्यली. माही कामावर होती."



मग मे लागला. चंद्रपूरचा मे काय असतो ते मी सांगत बसत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही एवढं पुरे. एके दिवशी वीज गेली, आली, गेली आणि मग अशी आली की बाजूच्या दुकानातले दोन बल्ब फुटले. आमच्या ऑफिसातला यूपीएस नावालाच होता. काळं मशीन गेलं. आणि बाईंचंही गेलं. जळल्याचा वास एवढा की कोणाचा कोणता ते कळेना.

साहेबांनी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात बोलली, मग पुन्हा संगीत. मशीनच्या मागचा लांबलचक क्रमांक साहेबांनी वाकून, चष्मा वर करून वाचून दाखवला. तिकडून तिने तक्रार नोंदवून घेतली.

बाईंनी पोशेट्टीभाऊंना फोन लावला. "भाऊ, जळली," एवढंच म्हणाल्या.

दुपारच्या गाडीने पोशेट्टीभाऊ आले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साठीच्या घरातले, उंच, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पॉवर सप्लाय, दोन पेचकस आणि घामासाठी पंचा. त्यांची मराठी तेलुगूच्या चालीवर चालायची. "काय बाई, किती गरम झालं," म्हणत ते सरळ जमिनीवर मांडी घालून बसले आणि मशीनचं पोट उघडलं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आत बाईंचं मशीन घरघरायला लागलं. बाईंनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं.  

काळ्या मशीनचा इंजिनिअर पुढच्या आठवड्यात आला. त्याचा पॉवर सप्लाय खास आकाराचा, तो कुठूनतरी मागवावा लागला होता. पण खरं ते सांगायला हवं. त्याने तो फुकट बसवला, वर साहेबांना सलाम करून गेला. बाईंना मात्र पोशेट्टीभाऊंचे पैसे खिशातून द्यावे लागले होते.

"म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला," मी परतीच्या वाटेवर म्हटलं.

"काऊन बरोबरीत?" बाई हेल्मेट नसलेल्या डोक्यावरची ओढणी घट्ट करत ओरडल्या. "साहेबाची मशीन आठ दिवस उपाशी होती."

शेवटी निकाल लागला तो या कशानेच नाही. एका सिमेंट कारखान्याचं मोठं काम मिळणार होतं आणि त्यांच्या अटीत लिहिलं होतं, नकाशे नामांकित कंपनीच्या वर्कस्टेशनवरच काढलेले हवेत. साहेबांनी ऑर्डर देऊन टाकली. खोकी आली. प्रत्येक टेबलावर एक काळं मशीन बसलं. बाईंच्या टेबलावरही आणून ठेवलं.

साहेब स्वतः बाईंजवळ आले. "बाई, आता हट्ट पुरे. तुमची मशीन घरी न्या. उद्यापासून याच्यावर बसा."

"नाई बसत."

"अटच तशी आहे. मी काय करू?"

"त्या कामाले इतके जण हायेत. मले खाणीचं जुनं काम द्या. ते माह्या मशीनवर होते."

"ऑफिसात एक मशीन वेगळी कशी ठेवू? उद्या तपासाले माणूस आला तं?"

"मंग मले बी वेगळीच ठेवा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथल्या तिथे वायरी काढल्या. साहेब, "अहो बाई, अहो बाई" करत राहिले. प्यूनने आणि मी मिळून ते धूड खाली आणलं. बाईंनी ते स्कूटरच्या पायदानावर ठेवलं, जुन्या साडीने सीटच्या दांडीला बांधलं आणि मॉनिटर माझ्या मांडीवर दिला. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक डाव्या-उजव्या बाजूने जात होते आणि बाई दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मशीन धरून, मान ताठ ठेवून गाडी चालवत होत्या. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी काळ्याठिक्कर झालो होतो.

"बाई, नोकरी गेली ना पण," मी दारात उतरताना म्हटलं.

"मी सोडली नाई, त्यानं काढली नाई. मंग नोकरी जाईल कुठी?"

झालंही तसंच. बाईंची बरीच वर्षं त्या ऑफिसात गेली होती, आणि पावसाच्या आधी खाणींची कामं तुंबलेली. चार दिवसांत साहेबांनी मला बोलावून पेन ड्राइव्ह हातात दिला. "जाता जाता बाईले देऊन दे. म्हणाव, घरी बसून करा." तेव्हापासून हे सुरू झालं. मी काम पोचवायची, झालेलं काम आणायची. बाई घरून नकाशे काढायच्या. ऑफिसात जाणं-येणं थांबलं, तरी त्यांचा आवाज कमी झाला नव्हता. त्यांच्या दारावरून जाणारा केबलवाला अजूनही रस्ता ओलांडून पलीकडून जायचा.

एका रविवारी दुपारी मी गेले. त्या वेळी पेन ड्राइव्हसोबत साहेबांचा एक निरोपही होता. दार उघडंच होतं. घरात बेसनाचा, लसणाचा वास भरून राहिला होता. बाईंनी पाटवडी केली होती, रस्सा उकळत होता. एवढा खटाटोप त्या एकटीसाठी कधी करत नाहीत. एरवी वरण-भातावर भागतं. अंगावर इस्त्रीची साडी होती. मशीन सुरू होतं, घरघरत होतं, पडद्यावर अर्धा झालेला नकाशा.

"ये. बस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काम जतन केलं, मशीन बंद केलं, पेचकस घेतला, कॅबिनेटची बाजू उघडली आणि आतली एक वायर बोटाने हळूच उपसली. बाजू पुन्हा लावली. बटण दाबलं. मशीन गप्प.

"काय झालं बाई?"

"बंद पडली."

"आत्ता तर चालू होती."

"आता पडली," बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या आणि रश्शाखालचा गॅस बारीक केला.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. पोशेट्टीभाऊ. बल्लारपूरहून चंद्रपूरपर्यंत गाडीने, तिथून पुढे बसने, अशा उन्हात. फोन त्यांना आदल्याच दिवशी गेला असणार. कापडी पिशवी तीच. बाईंनी माठातलं पाणी दिलं. ते पंख्याखाली जमिनीवर बसले आणि कॅबिनेट उघडलं. ती सुटलेली वायर त्यांच्या अगदी नजरेसमोर लोंबत होती. त्यांनी ती पाहिली. मी त्यांना पाहताना पाहिलं. मग त्यांनी ती तशीच राहू दिली, आधी पंखा काढला, ब्रशने त्याचं एकेक पातं साफ केलं, मग रॅम काढून पुसली, मग आणखी काही.

"खूप धूळ बाई," ते म्हणाले.

"घुग्घुस आहे भाऊ. धूळ नाई तं काय राह्यल?"

ते काम करत होते आणि दोघं बोलत होते. दुकानाचं बोलले. आता कोणी जोडून घेत नाही, लोक मोबाइलवरून मागवतात, घरपोच खोकं येतं. शटर अर्धंच उघडतो, भाऊ म्हणाले. बायको गेल्यापासून सकाळी लवकर उघडून तरी काय करायचं.  बाईंनी कोणत्याशा जावेच्या गुडघ्याचं सांगितलं, नळाचं पाणी एक दिवसाआड येतं ते सांगितलं, शेजारच्या बाईने बकरी पाळली ते सांगितलं. बाई एवढ्या हळू आवाजात बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

सगळं जागेवर बसवून झाल्यावर, अगदी शेवटी, पोशेट्टीभाऊंनी ती वायर लावली. मशीन घरघरलं. "लागली," ते म्हणाले. आम्ही तिघं जेवलो. बाईंनी त्यांना तीनदा रस्सा वाढला. त्यांना तिखट लागत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ते नको म्हणाले नाहीत. ऊन उतरल्यावर ते बस धरायला निघाले, तेव्हा बाई फाटकापर्यंत गेल्या आणि ते वळणाआड जाईपर्यंत तिथेच होत्या.

परत आल्यावर मला निरोप आठवला.

"बाई, साहेबांनी सांगितलंय. एक काळं मशीन जास्तीचं आलं आहे. ते तुम्हाला घरी पाठवतात. पैसे नाही घेणार. तीन वर्षं त्याला काही होत नाही म्हणे. झालंच तर कंपनी बघेल. तुम्हाला कोणाला बोलवायची गरजच नाही."

बाई ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या.

"साहेबाले सांग, नाई पायजे."

"अहो पण फुकट आहे."

"असू दे ना फुकट," बाई म्हणाल्या. त्यांनी तिन्ही ताटं एकात एक ठेवली. "मले ते परवडत नाई."